संमतीने घटस्फोट: ताबा, पोटगी आणि मसुद्यातलं ते "योग्य वाटेल तेव्हा"

धायरीची_ताई
धागा काढू की नको यात आठवडा गेला. विषय माझ्या धाकट्या बहिणीचा आहे, ती इथे वाचते पण लिहीत नाही, तिला विचारूनच लिहितेय. लग्नाला 9 वर्षं, मुलगा 6 वर्षांचा, यंदा पहिलीत गेला. दीड वर्ष झालं दोघं वेगळे राहतायत, ती आमच्या आईकडे आणि तो वाकडच्या फ्लॅटवर. मारहाण, दारू, तिसरं माणूस असलं काहीही नाही, पटलं नाही इतकंच, पण "इतकंच" म्हटलं की नातेवाईकांचं समाधान होत नाही त्यामुळे आई आता फोनच उचलत नाही कुणाचा.
तर संमतीने करायचं ठरलंय. दोघांचा मिळून एकच वकील आहे, त्याने चार पानी मसुदा पाठवलाय. त्यात थोडक्यात असं आहे की मुलाचा ताबा आईकडे, वडिलांनी "परस्पर संमतीने योग्य वाटेल तेव्हा" भेटायचं, मुलासाठी महिना 15000, बायकोने "स्वतःसाठी व मुलासाठी भविष्यात कोणतीही मागणी करणार नाही", फ्लॅट दोघांच्या नावावर आहे तो "पती ठेवेल", आणि शेवटी सामानाची यादी. यादीत दागिने, कपाट सगळं मिटलं, घरघंटीवर अडलंय. हसू नका.
बहीण म्हणते सही करून मोकळी होते. मला काहीतरी खटकतंय पण नेमकं काय ते सांगता येत नाहीये. जाणकारांनी वाचून सांगा प्लीज.

काळा_कोट_पांढरा_बँड
वकील आहे, फॅमिली मॅटर्सच जास्त करते. हा सल्ला नाही, माहिती समजा, सही करायच्या आधी बहिणीने स्वतःचा वेगळा वकील एकदा तरी गाठावा. दोघांचा एकच वकील ही सोय असते, पण मसुदा कुणाच्या बाजूने झुकलाय हे तो कुणालाच सांगत नाही.
आधी बेसिक. हिंदू विवाह कायदा 1955, त्यातलं कलम 13ब म्हणजे परस्पर संमती. लग्नाला आणि वेगळं राहायला किमान एक वर्ष झालेलं लागतं. "वेगळं" म्हणजे वेगळ्या छपराखालीच असं नाही बरं का, एकाच फ्लॅटमध्ये दोन खोल्यांत राहून नवरा-बायको म्हणून नांदत नसतील तरी चालतं, मुंबईत तर कित्येकांना दुसरं घर घेणं परवडतच नाही. मग दोघांचा मिळून अर्ज, तो फर्स्ट मोशन. त्यानंतर सहा महिने थांबायचं आणि अर्जाच्या तारखेपासून 18 महिन्यांच्या आत सेकंड मोशन, म्हणजे दोघांनी पुन्हा कोर्टात संमती सांगायची. हे सहा महिने माफ होऊ शकतात, सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये अमरदीप सिंगच्या निकालात सांगितलंय. फर्स्ट मोशनच्या आधीच दीड वर्ष वेगळे राहिलेले असाल, समेटाचे प्रयत्न झालेले असतील, ताबा-पोटगी मिटलेली असेल तर अर्ज करायचा. पण ते जजच्या हातात आहे, हक्क नाही.
आणि महत्त्वाचं, सेकंड मोशनपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. त्यामुळे पैशाचा व्यवहार असेल तर अर्धा डीडी पहिल्या मोशनला, उरलेला दुसऱ्या मोशनला असं करतात.
मसुद्यात मला काय खटकलं ते रात्री लिहिते, आत्ता तारीख आहे.

वडापाव_विदाऊट_चटणी
घरघंटी कुणाच्या माहेरून आलेली? तिकडून आलेली असेल तर स्त्रीधन, म्हणजे बायकोचीच, विषय संपला.

धायरीची_ताई
@वडापाव, तोच तर घोळ आहे. अर्धे पैसे बाबांनी दिलेले अर्धे त्याच्या बोनसचे. आणि वापरतात फक्त त्याची आई.

कलियुग_आलंय
आमच्या वेळी 40-40 वर्षं संसार केले लोकांनी, भांडी वाजली तरी आवाज बाहेर गेला नाही. आता पटलं नाही की चालले कोर्टात. पोराचा विचार कोण करणार?

उसाचा_रस_बिनबर्फ
@कलियुग, काका धाग्याचा पहिला परिच्छेद परत वाचा, पोराचाच विचार चाललाय. आवाज बाहेर न जाण्याची किंमत कोण भरायचं ते माझ्या आजीला विचारलं असतं, ती राहिली नाही. असो, ताईंचा धागा भरकटवू नका.

शनिवारचा_बाबा
मी सहसा असल्या धाग्यांवर लिहीत नाही. पण "योग्य वाटेल तेव्हा" वाचलं आणि राहवलं नाही.
माझ्याही मसुद्यात अगदी हेच शब्द होते. तेव्हा आम्ही दोघं इतके समजूतदार होतो की सांगता सोय नाही, कोर्टाच्या कँटीनमध्ये एकत्र चहा प्यायलो. चार महिने नीट गेले. मग तिची बदली झाली, मला नवीन बॉस आला, एकदा मी 40 मिनिटं उशिरा पोचलो, एकदा तिने आयत्या वेळी वाढदिवसाला नेलं मुलीला, आणि मग कळलं की योग्य कधी हे ठरवणारा माणूस तोच जो दार उघडतो. मी परत कोर्टात अर्ज केला. तो अर्ज चालेपर्यंत कोर्टाने काय दिलं तर पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी 11 ते 1, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. ती खोली वाईट नाही, भिंतीवर जिराफ काढलेत, खेळण्यांचं टोपलं आहे, त्यात एक लाल ट्रक आहे ज्याला तीनच चाकं. मुलगी तेव्हा पाच वर्षांची, ती मला दर वेळी विचारायची बाबा चौथं चाक कुठेय. दीड वर्ष त्या ट्रकशी खेळलो आम्ही. शेजारी दुसरा बाप स्वतःच्या मुलाला डब्यातलं काहीतरी भरवत असायचा आणि मुलगा त्याला काका म्हणायचा.
नंतर सुधारित आदेश झाला, त्यात "सुट्टीत निम्मे दिवस" असं होतं. त्यावरून अजून दोन भांडणं. दिवाळीची सुट्टी म्हणजे शाळेची की ऑफिसची? निम्मे म्हणजे पहिले की शेवटचे? भाऊबीज कुणाच्या निम्म्यात, कारण आत्तेभावाला ओवाळायचं तर माझ्याकडे आणि मामेभावाला ओवाळायचं तर तिकडे. गणपतीत माझ्या घरी दीड दिवसाचा, त्यांच्याकडे गौरींबरोबर जातो, म्हणजे खरं तर भांडायचं काही कारणच नव्हतं, पण कागदावर नसल्यामुळे भांडलो.
ताई, बहिणीला सांगा, आत्ता बरं चाललंय म्हणूनच आत्ता लिहून घ्या. वार, वेळ, कुणी आणायचं कुणी पोचवायचं, ताप असेल तर बदली दिवस कोणता, व्हिडिओ कॉल कुठल्या वारी किती वाजता. नवऱ्यालाही सांगा. हे त्याच्यासाठी जास्त आहे.

उसाचा_रस_बिनबर्फ
+100. आणि सॉरी.

काळा_कोट_पांढरा_बँड
वरची पोस्ट प्रिंट काढून माझ्या ऑफिसात लावावी म्हणते. हेच सांगणार होते.
आता ताबा. एक गैरसमज फार आहे, मूल पाच वर्षांचं झालं की बापाकडे जातं. असं काही नाही. 1956 च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात इतकंच म्हटलंय की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. नंतर आपोआप काही होत नाही. कोर्ट बघतं मुलाचं हित, शाळा कुठे, सांभाळतं कोण, आजी-आजोबा आहेत का, मूल कुठे रुळलंय. जास्त कमावतो म्हणून ताबा मिळतो हेही खोटं आणि आई आहे म्हणून मिळतोच हेही पूर्ण खरं नाही. मूल कळत्या वयाचं असेल तर जज चेंबरमध्ये एकटं बोलावून बोलतात, वयाची ठरीव रेघ कायद्यात नाही. आणि ताब्याचा आदेश कधीच दगडावरची रेघ नसतो, परिस्थिती बदलली तर बदलून मागता येतो. जॉइंट कस्टडी असा शब्द आपल्या कायद्यात नाही, विधी आयोगाने 2015 मध्ये शिफारस केली होती, पण संमतीने तुम्ही तसं लिहून आणलंत तर कोर्टं मान्य करतात.
पोटगी. ते "मुलासाठी भविष्यात कोणतीही मागणी करणार नाही" हे वाक्य आजच्या आज काढायला सांगा. मुलाच्या खर्चाचा हक्क मुलाचा आहे, आई तो सोडून देऊ शकत नाही, असं कलम उद्या कोर्टात टिकणार नाही, पण तोवर वाद घालायला कारण मिळतं. 15000 कशावरून आले? नवऱ्याचा हातात येणारा पगार किती?

धायरीची_ताई
एक लाख दहाच्या आसपास, त्यातून फ्लॅटचा हप्ता 38000. बहिणीला 42 मिळतात. 15000 कसे आले कुणास ठाऊक, गोल आकडा आहे म्हणून असावेत. शाळेची फीच वर्षाला 96000 आहे, व्हॅन वेगळी.

काळा_कोट_पांढरा_बँड
म्हणजे 8000 फीतच गेले, उरलेल्या 7000 त व्हॅन, डॉक्टर, बूट, वाढदिवस. लोक 25 टक्क्यांचा नियम म्हणून सांगतात, तो नियम नाहीये, 2017 च्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने निव्वळ पगाराच्या 25 टक्के बायकोला योग्य ठरतील म्हटलं, तेव्हापासून तो आकडा फिरतोय. प्रत्येक केस वेगळी. संमतीत असं लिहा की फी दोघांनी ठराविक प्रमाणात थेट शाळेत भरायची, महिन्याचा खर्च वेगळा आणि त्यात दरवर्षी वाढ. वाढीचं कलम नसेल तर पोरगा दहावीत गेल्यावरही 15000 च येणार आणि वाढवून घ्यायला नवा अर्ज.
नोकरी करते म्हणून बायकोला पोटगी मिळतच नाही असंही नाही. तिला नको असेल तर तिचा निर्णय, फक्त समजून घेऊन घ्यावा.
जिथे संमती नाही तिथे काय होतं तेही लिहिते, वाचणारे बाकीचेही असतील. केस चालू असताना अंतरिम पोटगी हिंदू विवाह कायद्याचं कलम 24, शेवटी कायमची कलम 25, ही दोन्ही नवराही मागू शकतो, 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने एका शिक्षिकेला नवऱ्याला महिना 3000 द्यायचा आदेश कायम ठेवला होता. शिवाय पूर्वीचं सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) 125, तेही पोटगीचंच, जुलै 2024 पासून ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालं. आणि 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, त्यात राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेशही मिळतो. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणून तारखा लांबवून आता फारसा फायदा नाही. 125 ची, म्हणजे आताच्या 144 ची, थकबाकी मात्र एक वर्षाच्या आत मागायची, झोपून राहिलात तर त्या कलमाखालची वसुली हातची जाते.

जुनी_शाल
विचारू का, वकिलाला पैसे नसतील तर? माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंसाठी विचारतेय. नवऱ्याने टाकलंय, दोन मुली आहेत.

शिरस्तेदार_रिटायर्ड
महिलांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा कोर्टात त्यांचं ऑफिस असतं, साधा अर्ज करायचा, हेल्पलाईन 15100. महाराष्ट्रात बायकांना पोटगी-घटस्फोटाच्या दाव्यात कोर्ट फी पण माफ आहे. बाईंना आधार, लग्नाचा एखादा फोटो आणि मुलींचे जन्मदाखले घेऊन पाठवा.
मी 27 वर्षं कोर्टात होतो, शेवटची काही फॅमिली कोर्टात. लोक घाबरून येतात, तसं घाबरण्यासारखं काही नसतं. समुपदेशक आधी दोघांना वेगवेगळं मग एकत्र बसवतात, जज विचारतात दबाव आहे का, पुन्हा एकत्र यायची शक्यता आहे का, मग सही. कित्येकांचं लग्न नोंदवलेलंच नसतं, मग लग्नपत्रिका आणि हार घातलेला फोटो लावतो आम्ही. एकदा एकाने आणलेल्या फोटोत नवरा-नवरी सोडून सगळे दिसत होते, कॅमेरा जेवणाच्या पंगतीवर.
आणि ताई, नवरा घरघंटी देत नसेल तर चाळणीचा सेट तरी मागा.

वाडीवरचा_पाटील
आमच्याकडं गावात अजून पाचशेच्या स्टँपवर फारकत लिहितात, नोटरी करतात, पंच सह्या ठोकतात आणि झालं म्हणतात. चुलत भावाचं असंच झालेलं, दुसरं लग्नबी केलं. हे चालतं का?

काळा_कोट_पांढरा_बँड
@पाटील, नाही. नोटरी म्हणजे कोर्ट नाही. समाजात फारकतीची जुनी रूढी असेल तर हिंदू विवाह कायदा ती मान्य करतो, कलम 29, पण ती रूढी कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते, आणि भल्याभल्यांना ते जमत नाही. सिद्ध झाली नाही तर पहिलं लग्न चालूच, दुसरं लग्न रद्दबातल आणि वर गुन्हा. याचा खरा फटका दुसरीला बसतो, पेन्शनच्या वेळी दोघी फाईल घेऊन उभ्या राहतात. भावाला सांगा आत्ताच निस्तरा, वकील गाठा.

मांडवीकाठी
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे हा वरचा हिंदू कायदा नाही, पोर्तुगीजांच्या वेळचा नागरी कायदाच सगळ्यांना, हिंदू असो ख्रिश्चन असो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र धरतात, मोडलं की अर्धी अर्धी. महाराष्ट्रात फ्लॅटवर बायकोचं नाव नसेल तर हप्त्यात पैसे घातलेत हे तिलाच दाखवत बसावं लागतं हे ऐकून माझ्या आईला धक्का बसला होता.

हप्तावाला
फ्लॅटवरून आठवलं, बँकेत होम लोनला होतो म्हणून सांगतो. "पती फ्लॅट ठेवेल" यात बहीण पूर्ण अडकलीय. बँकेला तुमच्या घटस्फोटाशी काहीएक देणंघेणं नाही. कर्जावर ती सहकर्जदार आहे ना? मग उद्या त्याने हप्ते थकवले तर नोटीस तिला, सिबिल तिचा खराब, आणि ती स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला गेली की जुना 38000 चा हप्ता तिच्या नावावर दिसणार. क्रम असा ठेवा की आधी बँकेकडून तिचं नाव कर्जातून काढल्याचं पत्र, त्याला एकट्याच्या पगारावर कर्ज बसत नसेल तर वडील किंवा भावाला सहकर्जदार घ्यायला लावा, आणि मगच तिने रिलीज डीडवर (हक्कसोड पत्रावर) सही करून ते नोंदवायचं. आणि तिने आजवर भरलेल्या डाऊन पेमेंटचं काय? ते फुकट सोडतेय का ती?

धायरीची_ताई
डाऊन पेमेंटमध्ये तिचे 6 लाख होते. मसुद्यात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. मला खटकत होतं ते हेच बहुतेक.

एडिसनची_सून
आमच्या अमेरिकेतल्यांसाठी एक, धाग्याच्या विषयाला धरून. अमेरिकेत राहणारा नवरा इथल्या कोर्टातून एकतर्फी घटस्फोट घेऊन मोकळा झाला म्हणून भारतात ते लग्न संपतंच असं नाही. सुप्रीम कोर्टाचा 1991 चा निकाल आहे, आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर, समोरच्याने भाग न घेता झालेला निकाल तिथे मानत नाहीत. "लग्न कायमचं मोडलंय" हे इथे पुरेसं कारण, भारतात मात्र त्या कारणावर फक्त सुप्रीम कोर्ट घटस्फोट देऊ शकतं, फॅमिली कोर्ट नाही. दोघांनी मिळून केलं तर प्रश्न येत नाही. मूल घेऊन भारतात निघून जायचा विचार असेल तर आधी दोन्हीकडच्या वकिलांशी बोला, तो वेगळाच चिखल आहे, एका पालकाने परदेशी नेलेली मुलं परत पाठवण्याच्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही.

शनिवारचा_बाबा
मेडिक्लेम राहिला. घटस्फोट झाला की बायको नवऱ्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून बाहेर पडते, मूल राहू शकतं, ते राहील असं लिहून घ्या. पीएफ आणि विम्याचे नॉमिनीपण दोघांनी बदला. मी विसरलो होतो, सहा वर्षं माझ्या पॉलिसीवर तिचंच नाव होतं. तिनेच फोन करून सांगितलं.

धायरीची_ताई
अपडेट, पाच आठवड्यांनी. बहिणीने दुसऱ्या वकीलबाई गाठल्या, मसुदा चार पानांचा अकरा झाला. पहिल्या वकिलाचं तोंड वाकडं झालं. नवऱ्याला आधी राग आला की तुम्ही मला चोर समजता का, मग बहिणीने शनिवारच्या बाबांची पोस्ट, त्यांची माफी मागून, त्याला वाचायला पाठवली. दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच एक एक्सेल शीट करून पाठवली, वर्षभराची, शाळेच्या सुट्ट्यांसकट, रंग दिलेली. शुक्रवारी संध्याकाळी 6 ला तो येऊन नेणार, रविवारी 7 ला आणून सोडणार, एका आड एक आठवडा. बुधवारी साडेसातला कॉल. भाऊबीज सम वर्षी इकडे विषम वर्षी तिकडे. फी निम्मी निम्मी थेट शाळेत, वर महिना 14000, दरवर्षी 8 टक्के वाढ. सहा लाखांपैकी तीन फर्स्ट मोशनला डीडीने मिळाले, तीन सेकंड मोशनला. कर्जात त्याचा भाऊ येतोय, बँकेचा कागद आल्याशिवाय रिलीजवर सही नाही. सहा महिन्यांच्या माफीचा अर्ज पण दिलाय.
फर्स्ट मोशन परवा शिवाजीनगरला झालं. जजनी विचारलं पुन्हा एकत्र यायची काही शक्यता, दोघं एकदमच नाही म्हणाले, आणि मग एकमेकांकडे बघून थोडेसे हसले, मला मागे बसून ते बघवेना.

शनिवारचा_बाबा
माफी कसली. ती शीट कुठे शेअर करता येईल का, नावं काढून?

वडापाव_विदाऊट_चटणी
सगळं ठीक. घरघंटी?

धायरीची_ताई
त्याच्या आईकडेच राहिली. पण त्याच्या आईने निरोप पाठवलाय की दर महिन्याला नातवाबरोबर पाच किलो पीठ दळून पाठवीन, भाकरीचं वेगळं. मसुद्यात घातलेलं नाही.

शिरस्तेदार_रिटायर्ड
घाला. ज्वारी की बाजरी तेही लिहा.